दोन्ही गोष्टी एकाच मुलात असतात : इंदूरच्या शाळांना खुले पत्र

प्रति,
इंदूरमधील शाळांचे प्राचार्य, व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि येथील मराठी समाजाच्या शिक्षणसंस्थांचे विश्वस्त यांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू होण्यापूर्वी आपल्या बैठका होतील, वेळापत्रके बसवली जातील आणि कोणता तास कोणाकडे द्यायचा हे ठरेल. त्याआधी हे पत्र आपल्या वाचनात यावे अशी इच्छा आहे, कारण ज्या मुलांविषयी मी लिहिते आहे त्यांचे वर्ष बहुधा वेळापत्रक ठरतानाच हातचे जाते. ही मुले विचार करण्यात वयाच्या बरीच पुढे असतात आणि वाचनात, लेखनात किंवा आकडेमोडीत वर्गाच्या बरीच मागे. आपल्या शाळांत कच्च्या मुलांसाठी 'रेमेडियल'चा तास असतो आणि हुशार मुलांसाठी ऑलिंपियाडची तयारी असते. एकाच मुलाला एकाच वर्षी या दोन्हींची गरज पडू शकते, ही शक्यता मात्र कोणत्याही वेळापत्रकात धरलेली मला दिसली नाही. माझे मागणे एका वाक्यात सांगता येईल : वाचन-लेखन सुधारेपर्यंत अशा मुलाची बुद्धी उपाशी ठेवू नका आणि ते हुशार आहे म्हणून त्याची अडचण खोटी ठरवू नका.

मी इंदूरमध्ये उच्च माध्यमिक वर्गांना गणित शिकवून निवृत्त झाले आहे. माझा नातू येथील एका इंग्रजी माध्यमाच्या, सीबीएसईशी संलग्न शाळेत शिकतो आणि आता सातवीत जाईल. शाळेचे नाव मी घेत नाही, कारण जे तिथे घडले ते शहरातल्या बहुतेक शाळांत घडते आणि एका शाळेला दोष देऊन प्रश्न सुटणारा नाही.

तो पाचवीत असताना डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही उज्जैनच्या वेधशाळेत गेलो होतो. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या या वेधशाळेतल्या सम्राट यंत्रावर सावलीवरून वेळ वाचता येते. नातवाने सावलीची वेळ वाचली, माझ्या मोबाईलवरची पाहिली आणि दोहोंत जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक कसा, असे विचारले. मी त्याला एवढेच सांगितले की भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरतात आणि उज्जैन साधारण ७५.७५ अंशांवर आहे. पुढचे त्याने उभ्या उभ्या केले. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. फरक पावणेसात अंशांचा, म्हणजे २७ मिनिटे. सूर्य आधी प्रमाणवेळेच्या रेखांशाजवळच्या मिर्झापूरच्या डोक्यावर येतो आणि मग आपल्याकडे, म्हणून इथली सावली घड्याळाच्या मागे. एवढ्यावर न थांबता, हा फरक वर्षभर एवढाच राहतो का, हेही त्याने विचारले. तो तसा राहत नाही, आणि का राहत नाही हे समजावताना मलाच कागद-पेन्सिल घ्यावी लागली.

काही महिन्यांनी सहावीच्या भूगोलाच्या चाचणीत नेमका हाच प्रश्न आला : स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ यांतला फरक उदाहरणासह स्पष्ट करा. ती उत्तरपत्रिका माझ्यासमोर आहे. साडेतीन ओळी लिहिल्या आहेत आणि वेळ संपल्यामुळे चौथी अर्धवट सुटली आहे. 'मेरिडियन' या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेने केले आहे, 'ईस्ट' लिहून खोडले आहे आणि त्याच्यावर एक बाण काढला आहे. समासात पृथ्वीचे वर्तुळ असून त्यावर दोन रेखा आणि '२७' हा आकडा आहे. त्या चित्रात उत्तर पूर्ण आहे. शिक्षिकेने ते पाहिलेले दिसत नाही, किंवा चित्राला गुण देण्याची सोय तिच्याकडे नसावी. ५ पैकी १ गुण आणि खाली शेरा : निष्काळजी, लेखनाचा सराव हवा.

या तऱ्हेच्या मुलाचे वर्णन आजचे नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन अवघड जाणे, याविषयीच्या वैद्यकीय लेखनाची सुरुवात ज्या टिपणापासून धरतात, ते टिपण प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी १८९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला चौदा वर्षांचा पर्सी नावाचा मुलगा साधे शब्द वाचू शकत नव्हता, पण ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार भराभर आणि बरोबर करत होता. त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे, त्याचा आशय असा की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता. म्हणजे या अडचणीची पहिली नोंद झाली तीच बुद्धी आणि अडचण एकत्र असलेल्या मुलाची. एवढ्या काळानंतरही पालकसभेत 'इतका हुशार मुलगा, त्याला कसली आली लर्निंग डिसेबिलिटी?' हे वाक्य ऐकू येते, तेव्हा शिक्षक म्हणून मलाच संकोच वाटतो.

अशी मुले शाळेच्या नजरेतून का निसटतात, हे जरा विस्ताराने सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे. तल्लख मुलाची स्मरणशक्ती आणि अंदाज बांधण्याची हातोटी त्याच्या वाचनाची उणीव पहिली तीन-चार वर्षे झाकून टाकते. दुसरीतले मूल पुस्तकातले पान घडाघडा वाचते आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते वर्गात दोनदा ऐकलेले पान पाठ म्हणत असते आणि चित्र पाहून पान कधी उलटायचे ते ठरवत असते. त्याच पानावरचा मधलाच एखादा शब्द बोटाने दाखवून विचारा, म्हणजे ते अडखळेल. चौथी-पाचवीपासून पाने वाढतात, प्रश्नांची लांबी वाढते, विज्ञानात आणि भूगोलात नव्या संज्ञांची गर्दी होते आणि पाठांतराचा आधार पुरेनासा होतो. मग अचानक गुण घसरतात आणि घरी-दारी निष्कर्ष निघतो की मुलगा मोबाईलच्या नादी लागला. अडचण बुद्धीला झाकते आणि बुद्धी अडचणीला. मूल मधोमध कुठेतरी साठ-पासष्ट टक्क्यांवर दिसते आणि साठ-पासष्ट टक्क्यांच्या मुलाची काळजी करायला आपल्याकडे कोणालाच सवड नाही. नदीची सरासरी खोली काढून सगळ्या कुटुंबाला पाण्यात उतरवणाऱ्या मुनीमजींची गोष्ट आपल्या इंदुरात कोणाला ठाऊक नाही? 'हिसाब ज्यों का त्यों, कुनबा डूबा क्यों.' गणिताची शिक्षिका म्हणून मी सांगते, या मुलांच्या बाबतीत सरासरी ही माहिती नसून माहितीवर घातलेले पांघरूण आहे.

पाहायची असते ती दरी. तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांतली दरी, ऐकून समजणे आणि वाचून समजणे यांतली दरी. वर्गशिक्षिकेला यासाठी महागडे साधन लागत नाही. एकच प्रश्न आज लेखी विचारावा आणि चार दिवसांनी तोंडी. 'टमकू', 'लोबशी', 'प्रेगटा' असे कशालाच न जुळणारे काही शब्द फळ्यावर लिहून एकेका मुलाकडून बाजूला बसवून वाचून घ्यावेत, कारण निरर्थक शब्द पाठ केलेला नसतो आणि अर्थावरून त्याचा अंदाजही बांधता येत नाही. हे निदान नव्हे, निदान करणे तज्ज्ञांचे काम आहे. पण कोणाला तज्ज्ञांकडे पाठवावे एवढे यातून निश्चित कळते.

इंदूरच्या मराठी घरातल्या मुलांबाबत आणखी एक गुंता असतो. मूल घरात मराठी बोलते, गल्लीत आणि मित्रांत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि सहावीपासून बऱ्याच ठिकाणी तिसरी भाषा म्हणून संस्कृत येते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ असल्यामुळे डिस्लेक्सिया असलेले मूल हिंदी पुष्कळदा चुकत नाही, फक्त फार हळू वाचते, आणि हळू वाचण्याला आपण धीमेपणा म्हणून सोडून देतो. लिहिताना मात्र पहिली वेलांटी उच्चारात नंतर आणि लेखनात आधी, रफार ज्याच्यावर द्यायचा त्याच्या आधी उच्चारायचा, एकट्या 'र'ची जोडाक्षरांत निरनिराळी रूपे, हे सगळे त्याच्या अंगावर येते. त्यात आजी घरी 'शक्ती' आणि 'कीर्ती' दीर्घ लिहिते आणि शाळेच्या हिंदी पुस्तकात 'शक्ति' आणि 'कीर्ति' ऱ्हस्व छापलेले असतात. ज्याला ऱ्हस्व-दीर्घाची मुळातच भ्रांत, त्याने कोणाचे ऐकावे? इंग्रजीत तर अक्षर आणि उच्चार यांचा करारच पदोपदी मोडतो, म्हणून तिथे अडचण उघडी पडते आणि शाळा म्हणते की याचे इंग्रजी कच्चे आहे, घरी इंग्रजी बोला.

या सल्ल्याविषयी मला स्पष्टच बोलायचे आहे. घरातली मराठी बंद करा, मुलाचा गोंधळ होतो, असे आमच्या ओळखीतल्या अनेक आई-वडिलांना सांगण्यात आले आहे आणि काहींनी ते पाळलेही. दोन-तीन भाषा बोलल्यामुळे डिस्लेक्सिया होत नाही. ज्या भाषेत हे मूल वाद घालते, विनोद करते आणि पुढचे पुढचे प्रश्न विचारते, ती भाषा काढून घेतली तर त्याची वाचनाची अडचण आहे तिथेच राहील आणि विचार करायची जागा तेवढी जाईल. तिसऱ्या भाषेच्या परीक्षेतून सूट देणे वेगळे आणि घरातली भाषा बंद करायला सांगणे वेगळे. पहिले कायद्याला धरून आहे. दुसऱ्याला कसलाच आधार नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत अध्ययन अक्षमतेचा (लर्निंग डिसेबिलिटीचा) उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्याच्या २१ प्रकारांच्या यादीत ती आहे, आणि तिच्या व्याख्येत डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया (लेखनाची अडचण), डिस्कॅल्क्युलिया (आकडेमोडीची अडचण) ही नावे स्पष्ट आहेत. कलम १६ शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या सर्व शिक्षणसंस्थांविषयी बोलते. म्हणजे 'आमची शाळा खाजगी आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी देणे आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर योग्य शैक्षणिक उपाय करणे, ही दोन्ही कामे त्या कलमात आहेत. कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख आहे. बुद्धिमत्तेची वरची मर्यादा या कायद्यात कुठेही घातलेली नाही. जानेवारी २०१८ च्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी तपासणीची रीत सांगितली : तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करायची, मग बालरोगतज्ज्ञांची तपासणी, बुद्ध्यंकाची चाचणी, आणि त्यानंतर बंगळूरच्या निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेच्या चाचणीसंचावर वाचन-लेखन-गणिताची परीक्षा. त्या सूचनांप्रमाणे आठ वर्षांच्या आधी प्रमाणपत्र मिळत नसे, हे खरे आहे. पण आठ वर्षांच्या आधी फळ्यावरचे उतरवून घ्यायला पाच मिनिटे जास्त द्यायची नाहीत, असे कुठे लिहिले आहे? 'आधी सर्टिफिकेट आणा, मग पाहू' हे वाक्य बोर्डाच्या परीक्षेपुरते समजण्यासारखे आहे. सहावीच्या घटक चाचणीसाठी ती अट शाळा स्वतःच घालते आणि स्वतःच काढू शकते.

बुद्ध्यंकाच्या चाचणीविषयी प्राचार्यांना एक विनंती. अहवाल हाती आला की त्यातला शेवटचा एक आकडा पाहून फाईल बंद करू नये. मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी असो की वेक्सलरची, तिच्यात अनेक उपचाचण्या असतात, आणि या मुलांच्या बाबतीत त्या उपचाचण्यांचे गुण एकमेकांपासून फार लांब पडलेले असतात. शब्दांतून विचार करणे किंवा आकृत्यांतले नाते ओळखणे फार वर, आणि आकडे क्षणभर ध्यानात धरणे किंवा चिन्हे भराभर उतरवणे बरेच खाली, असे चित्र असले की एकूण आकडा मुलाविषयी फारसे काही सांगत नाही. शिवाय चाचणी कोणत्या भाषेत घेतली हेही विचारावे. मराठीत विचार करणाऱ्या मुलाला इंग्रजीत शब्दांचे अर्थ विचारले, तर आपण त्याची इंग्रजी मोजलेली असते.

आता वेळापत्रकाकडे येते. माझ्या नातवाच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने सहावी ते बारावीच्या मुलांसाठी सुरू केलेली ही प्रयोगशाळा त्याचे शाळेत जाण्याचे मुख्य कारण होती. इंग्रजीत गुण कमी पडल्यावर त्याला आठवड्यातल्या त्या दोन तासांतून काढून व्याकरणाच्या वर्गात बसवले. हेतू वाईट नव्हता. विशेष शिक्षिका त्याच वेळेला मोकळी होती, एवढेच. वेळापत्रकाच्या सोयीने एखादे मूल आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटे हुशार राहायचे, तेही बंद झाले. पुढच्या महिनाभरात सोमवार आणि गुरुवार पोटात दुखू लागले, आणि ते खोटे नव्हते. गुण मिळाले तर लॅब परत मिळेल, असे त्याला सांगण्यात आले. ज्या गोष्टीत मूल मागे आहे तिच्यात पुढे आल्यावरच ज्या गोष्टीत ते पुढे आहे ती त्याला मिळेल, हा सौदा आहे, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाशी करण्यासारखा तो नाही. वाचनाचे विशेष शिक्षण लागतेच, नेमाने लागते, आणि ते ध्वनी व अक्षर यांचे नाते पायरीपायरीने पक्के करणारे असावे लागते; उतारे दहा वेळा लिहून ते होत नाही. पण त्याची वेळ खेळाच्या, चित्रकलेच्या, प्रयोगाच्या तासातून काढायची नाही, एवढा एक नियम आपण बैठकीत संमत केलात, तर पुष्कळ काही साधेल.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये प्रज्ञावान मुलांसाठी विषयवार मंडळे आणि प्रकल्प यांचा विचार चौथ्या प्रकरणात आहे, आणि अध्ययन अक्षमतेचा सहाव्या प्रकरणात. दोन्ही परिच्छेद चांगले आहेत. मात्र शाळेत त्यांच्या दोन फायली होतात, दोन वेगळ्या शिक्षिकांकडे जातात, आणि त्या शिक्षिकांची एकमेकींशी गाठ पडते ती स्टाफरूममधल्या चहाला. दोन्ही फायलींत नाव असलेल्या मुलासाठी त्या दोघींनी आणि वर्गशिक्षिकेने महिन्यातून अर्धा तास एकत्र बसावे, आणि शक्य तेव्हा मुलालाही बोलवावे. आपले काय अडते हे ही मुले पुष्कळदा मोठ्यांपेक्षा नेमके सांगतात.

वर्गातल्या सोयी फार खर्चाच्या नाहीत. फळ्यावरचा मजकूर छापील द्यावा किंवा त्याचा फोटो काढू द्यावा. न सांगता उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. विज्ञान-भूगोलात स्पेलिंगचे गुण कापू नयेत. भाषेच्या विषयात कापायचे तर कापा. दीर्घ उत्तराऐवजी आकृती, तोंडी निवेदन किंवा टंकलेखन चालवावे. देवनागरीत बोलून टाइप होण्याची सोय आता साध्या फोनमध्येही असते. गृहपाठात एकाच प्रकारची वीस उदाहरणे देण्यापेक्षा चार द्यावीत आणि पाचवे असे द्यावे की त्यावर दोन दिवस विचार करावा लागेल. मी शिकवत असताना आवडीने शिकणारी मुले याच पाचव्या उदाहरणावर जगत, आणि त्यांतल्या काहींच्या वह्या अक्षराच्या दृष्टीने पाहवत नसत.

जादा वेळ आणि लेखनिक यांमुळे इतर मुलांवर अन्याय होतो, हा आक्षेप पालकांकडून येतो आणि व्यवस्थापन त्याला भिते. त्याचे उत्तर परीक्षक म्हणून देते. गणिताच्या पेपरात शाब्दिक उदाहरण इंग्रजीत दिले आणि मुलाचा अर्धा वेळ ते वाचण्यातच गेला, तर मी त्याच्या गणिताला गुण दिले की वाचनाला? जे मोजायचे म्हणून पेपर काढला तेच मोजले जावे, यात इतरांचे काय जाते? सीबीएसईने पात्र विद्यार्थ्यांना दर तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा दिला आहे; लेखनिक, वाचक आणि संगणक यांचीही तरतूद आहे, आणि दोनऐवजी एकाच भाषेचा पर्यायही आहे. पण लेखनिकाला उत्तर सांगणे ही शिकण्याची गोष्ट आहे. वाक्य डोक्यात पूर्ण बांधावे लागते, आकृती शब्दांत सांगावी लागते, मागे काय लिहून झाले ते ध्यानात ठेवावे लागते. दहावीच्या मार्चमध्ये अनोळखी लेखनिकाशेजारी पहिल्यांदा बसलेल्या मुलाला ती सवलत अडचणच होते. सहावी-सातवीच्या चाचण्यांपासून सराव द्यायला बोर्डाची परवानगी लागत नाही.

या मुलांनी काय वाचावे, यावरही एक शब्द. वाचनाची पातळी दुसरीची म्हणून त्यांच्या हातात दुसरीची गोष्टीची पुस्तके दिली जातात आणि ती त्यांना अपमानास्पद वाटतात. वाचनाचा सराव त्या पातळीवर होऊ द्या, पण ज्ञान कानावाटे त्यांच्या बुद्धीच्या पातळीचे जाऊ द्या. छापील पुस्तके वाचता न येणाऱ्यांना ती सुलभ रूपात मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय मॅराकेश करार २०१३ मध्ये झाला, तो मंजूर करणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेल्यांत त्या कराराने केवळ दृष्टिहीनांनाच धरलेले नाही. 'सुगम्य पुस्तकालय' हे अशाच वाचकांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून सुरू आहे. आपल्या ग्रंथपालांना त्याची नोंदणी करायला सांगावी; निदान चौकशी तरी करावी.

मराठी संस्थांच्या विश्वस्तांना वेगळे विचारायचे आहे. आपल्या इमारती आहेत, संध्याकाळी रिकाम्या राहणाऱ्या खोल्या आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आणि गणेशोत्सवात व्याख्यानमाला भरवण्याचा दांडगा अनुभव आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा वेगळा विचार केला. इंदूरला तेवढे मोठे काही एकदम उभे राहावे अशी अपेक्षा नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी एका खोलीत भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला एक विशेष शिक्षक आणि दुसऱ्या खोलीत विज्ञान-गणिताचे प्रयोग, एवढ्याने सुरुवात होईल, आणि मुलांनी दोन्ही खोल्यांत जावे. ज्या पालकांना खाजगी तज्ज्ञांची फी परवडत नाही, त्यांची मुले आज कुठल्याच फाईलमध्ये नाहीत. हुशार असूनही अडखळणारा मुलगा सधन घरातला असेल तर त्याला निदान तरी मिळते. गरीब घरातल्याला 'ढ' हे एकच अक्षर मिळते.

शिक्षकांवरचा भार मला ठाऊक आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे, आणि प्रत्यक्षात काय असते ते आपणही जाणता. म्हणून शिक्षकांकडे जादा फॉर्म पाठवण्यापेक्षा त्यांचा एक तास मोकळा करावा. विशेष शिक्षक नेमण्याची अट सीबीएसईच्या संलग्नता नियमांत आहेच. ते पद प्रवेश-समुपदेशन आणि सहलींच्या नियोजनात वापरले जाऊ नये.

आपल्या संस्थेत या सत्रात तिसरीच्या वर्गांची चाळणी कोणत्या महिन्यात होणार, ती कोण करणार, आणि विशेष शिक्षणाचा तास कोणत्या तासाच्या जागी ठेवला जाणार, या तीन गोष्टी पहिल्या पालकसभेत पालकांना लेखी कळवाव्यात, अशी विनंती आहे. गणिताच्या शिक्षकांबरोबर बसून प्रश्नपत्रिकांची भाषा सोपी करण्याचे काम करायला मी विनामूल्य येईन. दुपारी दोननंतरची कोणतीही वेळ चालेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका
इंदूर